ओविद गिड्री लाकूड ऐकतो

आधी वजन.
फळी दोन्ही तळव्यांवर तोलून तो डोळे मिटतो,
मासळी जोखावी तसा.
"ही बुंध्याची, पाण्यातली.
आणि ही वरची, कोरड्यातली.
हिचं कुणाला तरी टेबल करून दे."

अचाफलायाच्या दलदलीत ॲशची झाडं
निम्मं वर्ष कमरेइतक्या पाण्यात उभी असतात.
जेवढं खोड बुडतं तेवढं हलकं होतं.
पोकळ नाही, हलकं.
पाणी पिऊन पिऊन आतल्या नळ्या रुंदावतात
आणि झाड वाळलं की तिथं
वारा राहायला येतो.
हे ओविदचं म्हणणं.
चाळीस वर्षं तो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलाय,
कॉफीबरोबर, फुकट.

मी त्याच्याकडे तारा चढवते, सोल्डर करते,
पावत्या लिहिते.
कुणी माझं मत विचारलं तर
सँडर चालू करते.

मार्चमध्ये रेनिक आला, त्याच्या बहिणीचा नातू,
लाफायेतला विजेचं शिकतो.
"नोंक, चुंबकाला लोखंडापलीकडची भाषा येत नाही.
तार हलली, एवढंच तो पुढे कळवतो.
लाकूड त्याच्या गावीही नसतं."
ओविद कानशी थांबवून म्हणाला,
"आणि तार बांधलीय कशाला? हवेला?"

मग चादर टांगली.
तोच पिकअप, त्याच तारा, तोच अँप,
आणि पलीकडे चार देह:
दलदलीतला ॲश,
महॉगनी,
चर्चच्या मोडक्या बाकाचं पाइन,
आणि क्रॉफिश वाहून आणायच्या बर्फपेटीचं झाकण,
आतून लोखंडी पट्टी ठोकलेलं.
ऐकायला नऊजण. कागदावर खुणा.
ओविदनं कानातली यंत्रं नीट दाबून बसवली
आणि तिसऱ्या सुराला बोट वर केलं:
"हा. हा माझा."

ते झाकण होतं.

युलालीमावशी हसली, मग खोकली.
रेनिकनं आकडे वाचून दाखवलेच नाहीत,
कागदाची घडी करून खिशात घातली.
मला त्याचं तेवढंच आवडलं.

रात्री पाकीट विसरले म्हणून परत गेले
तर दुकानात दिवा.
कानातली यंत्रं भुशावर काढून ठेवलेली,
दोन शिंपल्यांसारखी.
(पडदे तेलविहिरीवर फाटले, एकोणिसाव्या वर्षी.
त्यानंतर तो शिकला हा धंदा.)
गिटार कशालाच जोडलेली नव्हती.
तिचं वरचं शिंग त्यानं दातांत धरलं होतं
आणि जाड तार छेडून
तो थांबला होता, विझेपर्यंत.
मग महॉगनी.
मग पाइन.
मग, बराच वेळ बघत बसून,
झाकणसुद्धा.

मला पाहिल्यावर बोलला,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, फार मोठ्यानं:
"लाकूड देत नाही गं काही.
घेतं.
तारेकडून थोडंसं घेतं, प्रत्येक जण निराळं,
आणि उरेल त्याला आपण म्हणायचं सूर."
झाकणावर टिचकी मारली.
"हे भामटं वाईट नाही.
ह्याला घ्यायचं कळत नाही, एवढंच."

मग ॲश माझ्यापुढे धरला.
शिंगावर त्याच्या दातांच्या खुणा,
वार्निशची कडू चव, थोडी तंबाखू.
मी चावले.
त्यानं तार ओढली
आणि माझा जबडा, गालाचं हाड,
उजव्या दाढेतलं जुनं चांदीचं भरण,
सगळं एकदम कुणीतरी राहतं घर झालं.
फरक कळला का, ते अजून सांगता येत नाही.
दुसरं लाकूड मी चावलंच नाही.

काल गिरणीवाल्याचा फोन होता.
वरच्या राज्यांतून हिरवा किडा उतरतोय,
ॲश यंदा नाही, पुढल्या वर्षीचं विचारू नका.
आढ्याला फळ्या उरल्यात तीन.
ओविद खाली उभा राहून त्यांच्याकडे बघतो,
हात वर करत नाही, जोखत नाही.

सकाळी एका पोरानं विचारलं,
लाकडानं खरंच फरक पडतो का हो?
सँडरचं बटण हाताशीच होतं.
"दात कसे आहेत तुझे?" मी म्हणाले.